साठे बिस्किटांचा डबा आणि लाल कोंबडा

प्रकरण थोडक्यात असे. सातारा जिल्ह्यातल्या एका घराची वाटणी झाली, माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरल्या आणि एका ट्रंकेत साठे बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत फौजी बिल्ले, खांद्यावरचे तारे, कापडी चिन्हे, रिबिनींची एक पट्टी आणि मूठभर बटणे. घरातले आबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत कॅप्टन होते एवढे सगळ्यांना ठाऊक होते. त्यापुढची माहिती अशी सांगितली जाई की आबा पॅराट्रूपर होते, विमानातून उड्या मारत आणि कोहिमाला लढले. आबांना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांची पुण्यात राहणारी नात डबा घेऊन माझ्याकडे आली, ती एकच गोष्ट विचारायला. "काका, हे सगळं आबांचंच आहे ना? फ्रेम करून भिंतीवर लावायचंय."

नाव देत नाही. घरच्यांची तशी इच्छा आहे आणि प्रकरण कळायला नावाची गरजही नाही.

माझ्याकडे येण्याआधी डबा जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला दाखवून झाला होता. त्याने बाकी सगळे बाजूला सारून दोनच कापडी तुकडे उचलले, लाल कोंबडा आणि पॅराशूटचे पंख. "सांगशाकचा पॅरा ऑफिसर, पूर्ण सेट" असे स्वतःच नाव ठेवून त्याने बरी किंमत सांगितली. सांगशाक म्हणजे कोहिमाच्या लढाईच्या थोडे आधी, १९४४ साली, मणिपूरमध्ये झालेली लढाई. घरची गोष्ट आणि बाजारातली गोष्ट एकमेकींना अशी अलगद जुळली की नातीच्या मनात शंकेला जागाच उरली नाही. माझ्या मनात शंका आली ती त्यामुळेच. आमच्या या फौजी बिल्ले जमवायच्या छंदात एखादी गोष्ट पहिल्याच दिवशी इतकी गोल बसली तर तिच्याकडे दुसऱ्यांदा बघावे.

पहिले काम म्हणजे काहीच न करणे. नातीच्या काकूंनी एक बिल्ला चिंच-मीठ लावून घासला होता, तेवढ्यावर थांबवले. पितळेवरचा काळपट थर, शिवणीत अडकलेले धाग्याचे टोक, कापडाच्या मागे चिकटलेला कागद, हे सगळे पुराव्यातच मोडते. ब्रासो किंवा पितांबरी मारली की बिल्ला लग्नातल्या समईसारखा लखलखतो आणि मुका होतो. डब्यातल्या वस्तू कोणत्या क्रमाने, कशाला लागून होत्या याचे फोटो काढले. मग एकेक वस्तू वेगळ्या पाकिटात घालून पाकिटावर पेन्सिलने आकडा टाकला. "आबांचा बिल्ला" असे कुठल्याच पाकिटावर लिहिले नाही. एका डब्यात तीन प्रकारच्या वस्तू असू शकतात. माणसाने अंगावर वागवलेल्या, त्याने कुठून तरी मिळवून जपलेल्या आणि तो गेल्यावर दुसऱ्या कोणीतरी "फौजीच दिसतंय" म्हणून त्यात टाकलेल्या. या तिघांची गल्लत झाली की पुढचा सगळा तपास वाकडा जातो.

धातूच्या वस्तू

टोपीचा बिल्ला सोपा निघाला. दोरीत अडकवलेले बिगुल आणि वर राजमुकुट, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्री. बिगुल ही लाइट इन्फन्ट्रीची, म्हणजे हलक्या, चपळ पायदळाची, जुनी खूण आहे. आजच्या मराठा पलटणीच्या चिन्हातही ते ढाल-तलवारीबरोबर आहेच, पण १९५० नंतर मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. तेव्हा मुकुटवाला बिल्ला प्रजासत्ताकाच्या आधीचा. बाजारात येणाऱ्या नकली मालात कधीकधी राणी एलिझाबेथच्या काळातला मुकुट सापडतो. ती गादीवर आली १९५२ साली, म्हणजे भारतीय पलटणीच्या बिल्ल्यावर तो मुकुट असायला काही कारणच नाही. इथला मुकुट पंचम आणि सहाव्या जॉर्जच्या वेळचा, दोन्ही बाजूंना गोल कमानीसारखा फुगीर होता.

मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त बोलते. ठशाखाली दाबून काढलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर पुढच्या नक्षीचा उलटा खोलगट ठसा दिसतो आणि कडा धारदार असतात. ओतीव नकलेची पाठ सपाट आणि खडबडीत असते, हवेच्या बुडबुड्यांची बारीक भोके असतात आणि कानशीचे ओरखडे दिसतात. आबांचा बिल्ला ठशातला होता. मागे दोन तांब्याच्या कड्या, त्यांपैकी एक तुटून पुन्हा डाग दिलेली. दुरुस्तीचा हा डाग मला फार आवडला. विकायला बनवलेल्या नकलेची कडी कोणी डाग देऊन दुरुस्त करत नाही, रोज वापरायच्या वस्तूची करतात.

खांद्यावरच्या पितळी पट्ट्यांवर पलटणीच्या नावाआधी ५ हा आकडा होता. १९२२ साली जुन्या वेगवेगळ्या मराठा पलटणी एकत्र करून ५वी मराठा लाइट इन्फन्ट्री केली गेली आणि १०३वी, १०५वी, ११०वी, ११६वी, ११७वी अशा जुन्या पलटणी तिच्या बटालियन झाल्या. पुढे १९४५ साली नावाआधीचा ५ गळला. तेव्हा पट्ट्या १९२२ ते १९४५ मधल्या म्हणता येतात, पण यावर फार भार टाकू नये. कागदावर आकडा गेला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी खांद्यावरून उतरवला असे होत नसते. अधिकाऱ्यांना अशा वस्तू स्वतःच्या पैशाने शिंप्याकडून किंवा छावणीतल्या दुकानातून घ्याव्या लागत आणि चालतील तोवर त्या चालवल्या जात.

तारे दोन जातींचे निघाले आणि पहिला पेच इथे पडला. सहा तारे ब्राँझचे, काळपट, चौकोनी घडणीचे, मधल्या चकतीत तीन मुकुट आणि भोवती बारीक लॅटिन अक्षरे. हा ऑर्डर ऑफ द बाथच्या धर्तीचा तारा. ब्रिटिश अमदानीत हिंदी फौजेतले अधिकारी हाच लावत. एका खांद्यावर तीन म्हणजे कॅप्टन, दोन खांद्यांचे सहा झाले, हिशेब जुळला. पण त्यांच्याबरोबर चार पिवळेधमक पाच टोकांचे तारेही होते. हे प्रजासत्ताकानंतरचे. म्हणजे आबा १९५० नंतरही गणवेशात होते का? आणि असतील तर कॅप्टनचा लेफ्टनंट कसा झाला?

उत्तर त्याच डब्यात होते. पाच टोकांच्या ताऱ्यांना लागून एनसीसीचा टोपीचा बिल्ला आणि एनसीसीच्या खांद्यावरच्या पट्ट्या. आबा युद्धानंतर फौजेतून सुटले आणि सांगलीला कॉलेजात गणित शिकवायला लागले. एनसीसीचा कायदा १९४८ चा. कॉलेजच्या तुकडीला अधिकारी हवा असताना युद्ध पाहून आलेला प्राध्यापक हाताशी आहे म्हटल्यावर कोण सोडणार? पण एनसीसीचा हुद्दा वेगळा, तिथे सुरुवात खालून. घरच्यांना ही गोष्ट ठाऊक होती, फक्त "फौज" या सदराखाली ती कधी धरलीच नव्हती. नातीचे वडील म्हणाले, "हो की, दर रविवारी सकाळी परेडला जायचे. आम्हाला वाटायचं, कॉलेजचंच काम आहे." सव्वीस जानेवारीला आबा खाकी घालून उभे असल्याचा एक फोटोही मग कपाटातून निघाला. चार ताऱ्यांचा प्रश्न मिटला.

लाल कोंबडा

कापडी चिन्हांत मोठ्या मोलाची वस्तू म्हणजे पिवळ्या वर्तुळातला लाल झुंजीचा कोंबडा. असे दोन तुकडे होते, दोन्ही बाह्यांचे. हे २३व्या भारतीय डिव्हिजनचे चिन्ह (काही बटालियन मिळून ब्रिगेड, काही ब्रिगेड मिळून डिव्हिजन). डिव्हिजन उभी राहिली १९४२ साली, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर मणिपूरमध्ये राहिली, इंफाळच्या लढाईत होती आणि युद्ध संपल्यावर मलायामार्गे जावात गेली.

व्यापाऱ्याने हा तुकडा "छापील, नंतरचा" म्हणून किंमत पाडायचा प्रयत्न केला होता. छापील तो नव्हताच. जाड खादीसारख्या कापडावर हाताने भरलेला होता, मागे टाके इकडून तिकडे धावलेले आणि आधाराला लावलेल्या कागदाचे कण अजून चिकटलेले. युद्धकाळात अशी चिन्हे छावणीच्या बाजारातले दर्जी आणि जरीवाले भरून देत, त्यामुळे दोन कोंबडे कधी सारखे नसतात. आबांच्या दोन कोंबड्यांतही एकाची शेपटी झुपकेदार आणि दुसऱ्याची पिसे मोजून पाच. तज्ज्ञ म्हणवणारे काही लोक पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही म्हणून असा तुकडा नाकारतात. माझे मत उलट आहे. दोन्ही तंतोतंत सारखे असते तर मला जास्त काळजी वाटली असती.

नोटा तपासायच्या अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली दोन्ही धरले. आजचा पॉलिएस्टर धागा आणि पांढरेपणा आणणारी रसायने या प्रकाशात निळसर चमकतात, जुना सुती धागा मंद राहतो. कोंबडे मंद राहिले. ही परीक्षा एकतर्फी असते हे मात्र ध्यानात ठेवावे. जुने कापड मध्ये कधी डिटर्जंटने धुतले असेल तर तेही चमकते, म्हणून चमकले की खोटे असा निकाल देता येत नाही.

कडेला दुहेरी शिवणीची भोके होती आणि काही भोकांत हिरव्या धाग्याचे तुटके तुकडे. ब्रह्मदेशच्या आघाडीवर खाकी जाऊन जंगलात मिसळणारा हिरवा गणवेश आला होता, म्हणजे कोंबडा हिरव्या शर्टावर शिवलेला होता आणि नंतर ब्लेडने उसवलेला. ही खूण पुढे फार उपयोगी पडली.

२३व्या डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या दोन बटालियन होत्या, ४/५ आणि ६/५, म्हणजे ५व्या मराठा पलटणीची ४थी आणि ६वी. दोन्ही ४९व्या ब्रिगेडमध्ये, त्यांच्याबरोबर राजपुताना रायफल्सची ५/६. कोंबडा दोन्ही मराठा बटालियनच्या बाहीवर सारखाच. बिल्ले इथवर आणून सोडतात. पुढे कागद लागतात.

कागद

कागद दोनच मिळाले. एक सेवामुक्तीचा, टाइप केलेला, घडीवर फाटलेला. त्यावर नाव, हुद्दा आणि आयईसी या अक्षरांनी सुरू होणारा नंबर. युद्धकाळात ज्या हिंदी तरुणांना तात्पुरते, म्हणजे इमर्जन्सी, कमिशन मिळाले त्यांच्या नंबरामागे ही अक्षरे असत. डेहराडूनची अकादमी एवढ्या लोकांना पुरी पडणार नव्हती, म्हणून बेळगाव, महू, बंगळूर इथे ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल काढली होती. बीएस्सी होऊन नोकरी शोधणारी किती तरी मराठी मुले त्या वाटेने फौजेत गेली.

हा नंबर हाती नसता तर गोंधळ झाला असता. छापील इंडियन आर्मी लिस्टमध्ये आबांच्या आडनावाचे आणि त्याच आद्याक्षराचे दोघे निघाले, दोघेही मराठा पलटणीत. जाधव, शिंदे, मोरे, पवार या आडनावांचा तपास करणाऱ्याने हे धरूनच चालावे. परदेशातले संग्राहक आडनावावरून माणूस पक्का करतात आणि तिकडे ते बऱ्याचदा खपून जाते. आपल्याकडे नंबर नाही तर माणूस नाही. लिस्टमध्ये आबांचा मूळ हुद्दा लेफ्टनंट आणि तात्पुरता हुद्दा कॅप्टन होता. युद्धात हे नेहमीचेच. जागा रिकामी होई, माणूस वर चढे, कायम हुद्दा मागून येई.

दुसरा कागद म्हणजे एक रिकामा लिफाफा, आईच्या नावे कऱ्हाडला आलेला. पत्र हरवले होते. घरचे लिफाफा टाकूनच देणार होते. मला तो सगळ्या बिल्ल्यांपेक्षा मोलाचा वाटला. आघाडीवरून येणाऱ्या पत्रावर गावाचे नाव लिहायला बंदी असे, गावाच्या जागी फील्ड पोस्ट ऑफिसच्या नंबराचा शिक्का उमटे. पाठवणाऱ्याने मात्र आपले नाव, पलटण आणि बेस पोस्ट ऑफिसचा नंबर लिहायचा. आबांनी स्वच्छ अक्षरात ४/५ लिहिले होते. खालच्या डाव्या कोपऱ्यात पुन्हा त्यांचीच सही आणि हुद्दा. शिपायांची पत्रे त्यांचा अधिकारी तपासून सही करी, अधिकाऱ्याने आपल्या पत्रावर आपणच सही करायची, की यात काही गुप्त लिहिलेले नाही. शिक्का मे १९४४ चा. फील्ड पोस्ट ऑफिसचे नंबर केव्हा कुठे होते याच्या याद्या टपाल तिकिटांच्या संग्राहकांनी मेहनतीने केलेल्या आहेत. बिल्ले जमवणाऱ्यांनी त्या लोकांशी मैत्री ठेवावी.

शेवटचा टेकू इंग्लंडमधून मिळाला. लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये दक्षिण-पूर्व आशिया कमांडच्या पलटणींच्या वॉर डायऱ्या डब्ल्यूओ १७२ या मालिकेत आहेत. तिकडे राहणाऱ्या एका स्नेह्यांनी ४/५ च्या १९४४ च्या पानांचे फोटो काढून पाठवले. वॉर डायरी म्हणजे रोजनिशी नव्हे. "गस्त परतली, संपर्क नाही" अशा एकेका ओळीत दिवस संपतात आणि धाकट्या अधिकाऱ्याचे नाव आले तर आले. पण सोबत कधीकधी बटालियनमधल्या अधिकाऱ्यांच्या याद्या जोडलेल्या असतात. तशा एका यादीत आबा होते.

आता सांगशाककडे वळता येते. मार्च १९४४ मध्ये जपानी फौजा इंफाळ आणि कोहिमाकडे निघाल्या. त्यांच्या वाटेत उखरूलच्या भागात ५०वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड होती, १५२वी भारतीय आणि १५३वी गुरखा बटालियन. त्या इलाख्यात आधीपासून असलेली ४/५ मराठा तिच्या हाताखाली दिली गेली. सांगशाकच्या टेकडीवर हे सगळे एकत्र आले आणि २६ मार्चच्या रात्री निघून जाण्याचा हुकूम येईपर्यंत झुंजले. टेकडी खडकाळ, खंदक खोल जाईना. पाणी जवळजवळ नाही. विमानांतून टाकलेली रसद बरीचशी जपान्यांच्या बाजूला पडे. तिथे जपान्यांचे जे दिवस गेले ते कोहिमाच्या बचावाला मिळाले.

घरातले "कोहिमा" इथून आले असणार. सांगशाक हे नाव सांगलीत कोणाला सांगणार? कोहिमा सगळ्यांनी ऐकलेले. आबांच्या बहिणीला, त्या आज नव्वदीच्या पुढे आहेत, एवढेच आठवते की दादा जेवताना ताटाभोवती पाणी फिरवायचा ते थांबवले होते. आई रागवायची, तो म्हणायचा पाणी सांडू नये. याला मी पुरावा धरत नाही, नोंदवहीत मात्र लिहून ठेवले आहे. म्हातारी माणसे असली बारीकशी गोष्ट सहसा रचत नाहीत.

पंख

आता व्यापाऱ्याचे लाडके पंख. खाकी कापडावर पांढऱ्या पॅराशूटच्या दोन बाजूंना निळसर पंख. वस्तू खरी होती, युद्धकाळातलीच होती, याबद्दल मला शंका नाही. दिवा, धागा, कापड, सगळे पास. प्रश्न इतकाच की ते आबांच्या अंगावर होते का.

४/५ मराठा ही पॅराशूट बटालियन नव्हती. पॅराशूट ब्रिगेडबरोबर लढली म्हणून पायदळाची पलटण पॅरा होत नाही. आणि सांगशाकला तर पॅराशूट ब्रिगेडनेही उड्या मारल्या नव्हत्या, ती जंगलातल्या लढाईचा सराव करायला जमिनीवरूनच तिकडे गेली होती. पंख मिळवायला रावळपिंडीजवळ चकलालाच्या शाळेत जाऊन उड्या पुऱ्या कराव्या लागत. आबांच्या सेवामुक्तीच्या कागदावर त्याचा उल्लेख नाही.

मराठ्यांत पॅरा पुढे झाले, ही गोष्ट खरी. पलटणीची ३री बटालियन युद्धानंतर पॅरा झाली, १९४८ च्या मार्चमध्ये काश्मिरात ब्रिगेडियर उस्मान यांच्या ५०व्या पॅरा ब्रिगेडबरोबर झांगड परत घेण्यात होती आणि १९५२ साली पॅराशूट रेजिमेंटची २री बटालियन झाली. आबा तिच्यात गेले असते तर सगळे जमले असते. पण सेवामुक्ती १९४७ ची आणि त्या आधीच्या वर्षाचा जावातला एक फोटो आहे. तिघे अधिकारी झाडाखाली बसलेत, आबा मधले. बाहीवर एक काळी गोल चकती दिसते. स्वस्तातल्या जुन्या फिल्मवर लाल आणि पिवळा दोन्ही रंग काळवंडत, त्यामुळे पिवळ्यातला लाल कोंबडा असा डांबराच्या ठिपक्यासारखा उमटतो. पंख बाहीवर नाहीत, छातीवरही नाहीत.

आणि शेवटी टाके. कोंबड्यांच्या कडेला शिवणीची भोके आणि हिरवा धागा होता. पंखांच्या कापडाला भिंगाखाली सगळीकडून पाहिले, सुईचे एकही भोक नाही. कडा दुमडलेल्याही नाहीत. बाजारातून आणल्यावर जसे होते तसे कोरे. हे पंख कुणाच्याच अंगावर कधी चढले नव्हते.

मग आबांकडे आले कुठून? १५२व्या बटालियनमधल्या कोणी मित्राने दिले असतील, हा अंदाज मोहक आहे. सांगशाकच्या टेकडीवरची दोस्ती वगैरे चित्र डोळ्यांपुढे येते. त्याला आधार काही नाही. नातीला मी तेच सांगितले. पंख आबांच्या सामानात होते एवढे खरे, पुढचे लिहायचे झाले तर पेन्सिलने लिही. ती जरा हिरमुसली. "पण आम्ही शाळेत सगळ्यांना सांगितलंय, आजोबा पॅराट्रूपर होते म्हणून." व्यापाऱ्याला कळवले तेव्हा त्याने सरळ सुचवले की सेवामुक्तीच्या कागदाचा उल्लेख करू नका आणि पंख सेटमध्येच राहू द्या, गिऱ्हाईक कुठे भिंग घेऊन बसतंय. असल्या सेटांनी हा छंद नासतो आहे. आज इथे पॅरा ऑफिसर जन्माला आला की उद्या कोणाच्या तरी लेखात तो छापून येतो आणि परवा मराठ्यांच्या ४थ्या बटालियनमध्ये पॅराट्रूपर होते असे ठोकून द्यायला पुरावा तयार होतो.

जांभळी रिबीन

ज्याच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते ती वस्तू म्हणजे रिबिनींची पट्टी. पदके नव्हती, त्यांच्या रिबिनींचे तुकडे फक्त, छातीवर लावायच्या पट्टीवर शिवलेले. १९३९–४५ स्टारची गडद निळी-लाल-फिकी निळी, बर्मा स्टारची निळ्यात रुंद लाल आणि नारिंगी रेघांची, वॉर मेडलची लाल-निळी-पांढरी. तिच्यावर ओकचे छोटे पान नाही, म्हणजे खलित्यात, सेनापतीने वर पाठवलेल्या अहवालात, नावाचा उल्लेख झालेला नाही. या तिन्ही अपेक्षित होत्या. चौथी जांभळी, मधोमध हिरवा पट्टा. जनरल सर्व्हिस मेडल.

हे पदक निरनिराळ्या मोहिमांसाठी मोहिमेचे नाव असलेल्या निरनिराळ्या धातूच्या पट्टीसह मिळे, नुसत्या रिबिनीवरून मोहीम कळत नाही. पण १९४२ ला भरती झालेल्या, २३व्या डिव्हिजनच्या, १९४६ ला जावात फोटो काढलेल्या अधिकाऱ्याला ते "दक्षिण-पूर्व आशिया १९४५–४६" या पट्टीखेरीज दुसऱ्या कशासाठी मिळणार? या तर्कावर मी शाईने लिहायला तयार आहे.

जावाची गोष्ट घरात कोणालाच माहीत नव्हती. जपानने शरणागती दिल्यावर इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले होते, डच परत यायला टपले होते आणि जपान्यांची हत्यारे काढून घ्यायला, कैद्यांना सोडवायला म्हणून ब्रिटिशांनी पाठवलेली फौज मुख्यतः हिंदी होती. ४९वी ब्रिगेड २५ ऑक्टोबर १९४५ ला सुराबायाला उतरली, तीनच दिवसांत शहर पेटले आणि ३० तारखेला तिचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले. ते मारले गेले त्या चौकातल्या इमारतीत तेव्हा अडकलेली कंपनी ६व्या मराठ्याची होती. पुढे १० नोव्हेंबरपासून मोठी लढाई झाली आणि इंडोनेशिया आजही तो दिवस वीरांचा दिवस म्हणून पाळतो. इकडे हिंदुस्थानात नेहरू आणि काँग्रेस हिंदी सैनिकांना तिथे वापरण्याविरुद्ध बोलत होते. आझाद हिंद सेनेवरचे लाल किल्ल्यातले खटले त्याच हिवाळ्यातले.

आबा सुराबायात नेमके कुठे होते, हे रिबीन सांगत नाही आणि मीही सांगणार नाही. पण १९४७ नंतर सांगलीच्या कॉलेजात, गांधीटोपीवाल्यांच्या कमिटीपुढे, "मी दुसऱ्यांच्या स्वातंत्र्याच्या लढाईत पलीकडच्या बाजूला होतो" असे कोणी का म्हणेल? लोकांनी ब्रह्मदेशाबद्दल विचारले आणि त्यांनी ब्रह्मदेशाबद्दल सांगितले. पॅराट्रूपर ते स्वतःला कधी म्हणाले होते का, असे मी नातीच्या वडिलांना विचारले. ते बराच वेळ आठवत राहिले. "आबा नाही म्हणाले. आम्ही डब्यात पंख पाहिले होते लहानपणी. आम्हीच म्हणायला लागलो."

आत्ता कुठवर आले आहे

फ्रेम झाली, दोन झाल्या. पहिलीत टोपीचा बिल्ला, ब्राँझचे सहा तारे, दोन्ही कोंबडे आणि रिबिनींची पट्टी, खाली नाव, नंबर, ४/५ मराठा लाइट इन्फन्ट्री, २३वी भारतीय डिव्हिजन. दुसरीत एनसीसी. काच अशी बसवली की कापडाला टेकत नाही आणि मागचा पुठ्ठा आम्लरहित आहे, साधा पुठ्ठा वर्षागणिक कापड पिवळे पाडतो. भिंत उन्हाची नको म्हणून बजावले. पंख तिसऱ्या पाकिटात, "आबांच्या सामानातून, गणवेशावर वापरल्याचा पुरावा नाही" अशा चिठ्ठीसह. प्रत्येक वस्तूच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि कागदांच्या प्रती बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पाठवायच्या आहेत, मूळ वस्तू घरीच राहतील.

शोध एकाच गोष्टीचा चालू आहे. जनरल सर्व्हिस मेडल चांदीचे असते आणि त्याच्या कडेवर मिळवणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि पलटण कोरलेली असते. आबांनी ते घेतलेच नसेल, तर प्रश्न मिटला. घेतले असेल तर ते घरात नाही, आणि नातीच्या आजीने एका वाईट साली चांदीची भांडी मोडली होती हे सगळ्यांना आठवते. सोनाराने वितळवले नसेल तर ते कुठल्या तरी संग्राहकाकडे असेल. पुण्याच्या जुन्या बाजारातल्या आणि मुंबईच्या चोरबाजारातल्या ओळखीच्या विक्रेत्यांना नंबर आणि आडनाव देऊन ठेवले आहे. हिरवी रेघ असलेली जांभळी रिबीन आली की कडा वाचा, एवढेच सांगितले आहे.